लग्नपत्रिकांत गेलेले अपूर्णविराम

१९७९ च्या फेब्रुवारी महिन्यात, भंडाऱ्याहून निघणाऱ्या एका साप्ताहिकाच्या विद्यार्थी पानावर ‘अर्धविराम आणि अपूर्णविराम यांतील फरक’ या मथळ्याचा पाठ छापून आला. संपूर्ण पाठात अपूर्णविराम एकही नव्हता. जिथे तो हवा होता तिथे अर्धविराम छापला होता. पाठातले दुसरेच वाक्य असे होते: “अर्धविरामाचे चिन्ह ; असे असते आणि अपूर्णविरामाचे चिन्ह ; असे असते.”

त्या साप्ताहिकात मी मुद्रितशोधक होतो. पाठ लिहिणाऱ्या बाई मोहाडी तालुक्यातल्या एका खेड्यात, खाजगी माध्यमिक शाळेत मराठी शिकवत. त्यांची नेमणूक तात्पुरती होती. एप्रिलमध्ये सत्र संपले की ती संपायची आणि जूनमध्ये नव्याने मिळायची. तिसरे सत्र नीट पार पडले की कायम करू, असे शाळेच्या समितीने त्यांना तोंडी कबूल केले होते. हे तिसरे सत्र होते. पाठाखाली बाईंचे नाव आणि शाळेचे नाव ठळक टाइपात छापलेले होते. त्यांत चूक नव्हती.

हे कसे झाले ते समजायला छापखान्याची रीत माहीत हवी. अक्षरे तेव्हा हाताने जुळवली जात. शिशाचा एकेक खिळा लाकडी केसच्या खणातून उचलायचा, ओळी लावायच्या, पान बांधायचे आणि छापून झाले की पान सोडून प्रत्येक खिळा परत आपल्या खणात टाकायचा. आमच्याकडे साप्ताहिक आणि बाहेरची कामे एकाच केसवर चालत. बाहेरच्या कामांत छापखाना जगवणारे काम एकच होते, लग्नपत्रिका.

धानाची चुरणी, म्हणजे मळणी, आटोपली की आमच्या भागात लग्ने निघतात. पत्रिकेत दिनांक, वेळ, स्थळ, निमंत्रक, स्वागतोत्सुक, प्रेषक या प्रत्येकापुढे दोन ठिपके लागत. लोक ते मागून घेत. “पुढं दोन टिकल्या द्या जी, शोभा येते,” असे सांगणारे वरपिते मी स्वतः ऐकले आहेत. पत्रिका छापून झाली तरी ती सोडली जात नसे. पहिला गठ्ठा गावोगाव गेला की कोणी ना कोणी रुसायचे. फुफाजींचे नाव धाकट्या जावयाच्या खाली गेलेले असे, नाहीतर एखाद्या मामाचे राहूनच गेलेले असे. मग घरचा माणूस सायकल मारत येई आणि तीच पत्रिका एक नाव वाढवून पुन्हा छापून घेई. म्हणून मालकांचा नियम होता की मांडव उतरेपर्यंत पत्रिका सोडायची नाही. दोरीने बांधलेल्या पत्रिका टेबलाखालच्या फळ्यांवर रचलेल्या असत आणि छापखान्यातले सारे अपूर्णविराम त्या फळ्यांवर अडकून पडत.

अर्धविरामाचे उलट होते. फाउंड्रीतून नवा टाइप येई तेव्हा त्यात अर्धविराम ठरलेल्या प्रमाणात येतच, आणि आमच्या जिल्ह्यात तो कोणी वापरत नसे. सिहोऱ्याचे आमचे वार्ताहर पूर्ण बातमी एका दमात लिहीत आणि शेवटी एक पूर्णविराम देत. अर्धविरामांचा खण काठोकाठ भरलेला असे. खिळे नवेकोरे होते, शाई त्यांना फारशी लागलेलीच नव्हती. तेव्हा लग्नसराई सुरू झाली की साप्ताहिकात अपूर्णविरामाच्या जागी अर्धविराम बसवायचा, ही रीत पडून गेली होती. “धानाचे भाव पुढीलप्रमाणे ;” असे आम्ही छापत असू. मी प्रत्येक प्रुफावर खूण करत असे. खूण प्रुफावरच राहत असे. वाचकांची तक्रार कधी आली नाही, आणि तक्रार येत नाही म्हणजे चूक नाही, असा मालकांचा हिशेब होता.

बाईंचा पाठ आला तेव्हा ही रीत दुसऱ्या कोणाच्या गळ्याशी आली.

पाठ चांगला होता. दहावीच्या परीक्षेला बसणाऱ्या खेड्यातल्या मुलांसाठी तो लिहिला होता आणि उदाहरणे त्यांच्या डोळ्यांसमोरची होती. ‘आसगावला धान पिकले ; मोहाडीला तुडतुड्याने खाल्ले.’ दोन वाक्ये आपापल्या पायावर उभी आहेत, पण शेजारी आहेत, म्हणून मध्ये अर्धविराम. ‘बाजारातून तीन वस्तू आणल्या : मीठ, मिरची, सूप.’ पहिला भाग ऐकून माणूस थांबतो आणि विचारतो, कोणत्या वस्तू? ते उत्तर पुढे येत आहे हे सांगायला अपूर्णविराम. बाईंनी लिहिले होते की अर्धविराम दोघांना एका ओट्यावर बसवतो आणि अपूर्णविराम पाहुणा येण्याआधी त्याची वर्दी देतो. याहून सोपे करून हे मी कुठे वाचलेले नाही.

प्रूफ हातात आले तेव्हा मी कंपोझिटरकडे गेलो. ते माझ्या वडिलांच्या वयाचे होते.

“कोलन नाही जी, बाबू,” ते म्हणाले. “खण पालथा करून पाहा.”

“विसर्ग लावा.”

“ते तर कोलनाच्या आधी गेले. त्याचे ठिपके मोठे, लोकाइले पसंत.”

“मग एखादी पत्रिका सोडा.”

“कोणाची सोडू? तुमीच सांगा. ज्याची सोडीन त्याचाच मामा उद्या रुसून बसते.”

मी म्हटले की अर्धविरामाची खालची शेपटी कानशीने घासली तर दोन ठिपके उरतील. पाठापुरते थोडेच खिळे लागतील.

“अन् मालकानं पाह्यलं मंग? टाइप तो तोलून ठेवते. माह्याच शेपटीले कानस लावन.”

ते हसले आणि पुढच्या पत्रिकेची ओळ जुळवू लागले. त्यांच्यावर माझा राग नाही. टाइप त्यांचा नव्हता.

मी प्रुफावर ‘हा पाठ राखून ठेवावा’ असे लिहून सही केली आणि कागद मालकांच्या टेबलावर ठेवला. संपादकही तेच होते.

“काहून राखायचा?”

“दोन चिन्हांतला फरक सांगणारा पाठ आहे. आपल्याकडे चिन्ह एकच आहे.”

“मागच्या अंकात चौकटीत छापलं ना आपण, पुढल्या अंकात हा पाठ येईल म्हणून?”

“छापलं.”

“मग यायलेच पाहिजे. आपण म्हटलं अन् आलं नाही, असं आजवर झालं नाही. वाचणारा समजून घेते.”

“काय समजून घेते? समजत नाही म्हणून तर पाठ आहे.”

“मास्तर,” ते म्हणाले. मी मास्तर नव्हतो. वाद वाढला की ते मला मास्तर म्हणत. “भंडाऱ्यात राहून पुण्याचा पेपर काढू नका.”

त्यांनी माझ्या ओळीवर आडवी रेघ मारली आणि खाली ‘छापा’ असे लिहिले.

या प्रकाराला नंतर सगळ्यांनी चूक म्हटले. मला तो शब्द मान्य नाही. चूक होते तेव्हा ती करणाऱ्याला ठाऊक नसते. इथे कंपोझिटरना ठाऊक होते, मला ठाऊक होते, मालकांना तोंडी आणि लेखी सांगितले होते. ज्यांना ठाऊक नव्हते त्या एकट्या बाई होत्या, आणि नाव त्यांचे छापले होते.

अंक निघाल्यानंतरच्या सोमवारी बाई एसटीने भंडाऱ्याला आल्या. शाळेत रजा टाकून आल्या होत्या. वयाने तिशीच्या आत, खांद्यावर कापडी पिशवी, पिशवीत अंक. मालक आत होते, म्हणून आधी माझ्यासमोर बसल्या.

“हे तुम्ही तपासता?”

“हो.”

“काय तपासता?”

मी खुणांचे प्रूफ काढून दाखवले. त्यांनी ते ओळीओळीने वाचले. माझ्या खुणा, माझी सही, त्यावरची रेघ आणि ‘छापा’.

“म्हणजे सगळं माहीत असून छापलं.”

“हो.”

“मग मी मूर्ख असते तर बरं होतं. निदान खरं तरी छापलं असतं.”

त्यांनी सांगितले ते असे. दहावीच्या वर्गात मुलांनी अंक आणला होता. एका मुलीने विचारले की दोन्ही चिन्हे सारखीच असतील तर दोन नावे कायले ठेवली? बाईंनी फळ्यावर दोन्ही चिन्हे काढून दाखवली. मुलांनी फळ्याकडे पाहिले, अंकाकडे पाहिले आणि वहीत अंकातले उतरवले. छापलेले होते ना. त्याच आठवड्यात अंक समितीच्या अध्यक्षांकडे पोचला. अध्यक्ष शिक्षकांच्या खोलीत येऊन सगळ्यांदेखत म्हणाले, “बाईले पूर्णविराम तरी येते का तो बी आमीच द्याचा?” शिक्षक हसले. समितीची बैठक मार्चअखेर होती. मराठीच्या जागेसाठी अध्यक्षांच्या नात्यातला एक उमेदवार तयार आहे, हे शाळेत सगळ्यांना माहीत होते.

“मला सहानुभूती नको जी,” बाई म्हणाल्या. “बैठकीच्या आधी दुरुस्ती छापा. चूक छापखान्याची आहे, एवढं एक वाक्य. बाकी मी पाहून घेते.”

मी त्यांना आत घेऊन गेलो. मालकांनी चहा मागवला.

“बाई, एवढं बारीक कोण वाचते?”

“ज्यांनी वाचू नये त्यांनीच वाचलं, भाऊसाहेब.”

“दुरुस्ती छापू ना. नाही कोण म्हणते? पण दुरुस्तीत ते चिन्ह दाखवा लागन का नाही?”

“लागेल.”

“ते कुठून आणू? मांडव उतरू द्या, पत्रिका सोडतो, मग छापतो. आता छापलं तर पुन्हा तेच छापन. मग दोनदा हसतीन लोक.”

बाईंनी विचारले की कोणाचा मांडव. मालकांनी चहाचा कप त्यांच्यापुढे सरकवला. मी बाहेर येऊन फळ्यांवरच्या पत्रिका पाहिल्या. सर्वांत मोठी पत्रिका, दुहेरी घडीची, दोनदा नावे वाढवून पुन्हा छापलेली, समितीच्या अध्यक्षांच्या घरची होती. त्यांच्या मुलाचे लग्न होते. नावांच्या रांगा, प्रत्येक रांगेच्या डोक्यावर ‘निमंत्रक’, ‘स्वागतोत्सुक’ असा मथळा आणि मथळ्यापुढे दोन ठिपके. लग्नाची तारीख बैठकीनंतरची होती.

मी परत आत गेलो आणि म्हटले की दुरुस्तीत चिन्ह दाखवण्याची गरज नाही. ‘पाठातील चूक लेखिकेची नसून मुद्रणालयाची आहे,’ एवढे वाक्य पुरे. त्यात अपूर्णविराम लागत नाही.

“मुद्रणालयाची म्हणजे माझी,” मालक म्हणाले. “माझ्याच पेपरात मी लिहू, का माझ्या छापखान्यात टाइप नाही? लग्नाचे गिऱ्हाईक काय म्हणतीन? उद्या तुमसरला जातीन सारे.”

बाईंनी चहा घेतला नाही. उठताना त्या एवढेच म्हणाल्या, “टाइप नाही असं लिहायची लाज वाटते. मला काही येत नाही असं लिहायची नाही वाटत.” मालकांनी खाली पाहून कागद चाळले. मोहाडीची गाडी गाठायची म्हणून बाई निघून गेल्या.

मार्चच्या मध्यावर मी रविवारी त्या गावी गेलो. कोणी पाठवले नव्हते. बाईंचे हस्तलिखित आणि माझे खुणांचे प्रूफ बरोबर घेतले होते. अध्यक्ष घरीच होते. ओसरीवर मांडवाचे बांबू येऊन पडले होते आणि तिवईवर पत्रिकांचा गठ्ठा होता. मी कोण ते सांगितले. त्यांनी पाणी दिले, बसायला सतरंजी दिली. वागण्यात उणे काही नव्हते.

मी हस्तलिखित पुढे केले. त्यांनी ते उलटून पाहिले.

“हे हातानं लिवलं हाय.”

“बाईंनीच लिहिलं. छापायच्या आधी.”

“आधी लिवलं का मागून लिवलं, कागदाले काय समजते? छापलं ते आमच्यापाशी हाय.”

मी प्रूफ दाखवले, खुणा समजावून सांगितल्या. ते म्हणाले की खुणा तुमच्या, सही तुमची, तुम्ही बाईच्या बाजूनेच बोलणार. मग मी गठ्ठ्यातली एक पत्रिका उचलली आणि ‘विवाहस्थळ’ या शब्दापुढच्या दोन ठिपक्यांवर बोट ठेवले.

“हे चिन्ह पाहा. यालाच अपूर्णविराम म्हणतात. छापखान्यातले सगळे तुमच्या पत्रिकेत गुंतले आहेत, म्हणून पाठासाठी एकही उरला नाही.”

त्यांनी पत्रिका माझ्या हातातून घेतली आणि डोळ्यांजवळ नेली.

“म्हणजे आमची पत्रिका चुकली काय?”

“नाही. पत्रिका बरोबर आहे.”

“सारे ठिपके बरोबर हायेत?”

“सारे बरोबर आहेत.”

“म्हणजे तुमच्या छापखान्याले बरोबर छापता येते.”

“येते.”

“मग पत्रिका देल्ली ते बरोबर छापली, अन् बाईनं देल्लं ते चुकीचं छापलं. चूक कोणाची झाली, तुमीच सांगा.”

ओसरीवर त्यांचे दोन भाऊबंद बसले होते. ते हसले. त्यातला एक म्हणाला, “वकील घेऊन याव लागत होतं जी, पेपरवाले.” अध्यक्षांनी मला स्वतःच्या हाताने एक नाव न घातलेली पत्रिका दिली आणि लग्नाला या म्हणाले. ते टोमण्याने म्हणाले नाहीत. त्यांच्या मते माझा मुद्दा मीच निकाली काढला होता.

या उत्तरावर मी नंतर पुष्कळ विचार केला आहे. त्यात तर्काची चूक कुठे आहे ते मला त्या क्षणीही दिसत होते आणि ती दाखवून काही होणार नाही हेही दिसत होते. ते गृहस्थ अडाणी नव्हते. वर्तमानपत्र वाचत, शाळा त्यांनीच उभी केली होती, जागा त्यांनी दिली होती. आपल्या पत्रिकेत एका मामाचे नाव राहिले तेव्हा त्यांनी रातोरात नवा गठ्ठा छापून आणवला होता. कागदावर एखाद्याचे नाव चुकीचे गेले तर माणसाचे काय होते, हे त्यांना कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

मी बाईंच्या घरी गेलो नाही. गावात एवढ्याशा गोष्टीचे दुसरेच काही झाले असते. मुख्याध्यापकांना भेटलो आणि हस्तलिखित त्यांच्याकडे ठेवले. बैठकीपुढे ठेवतो, असे ते म्हणाले.

बैठकीत काय झाले ते मला मुख्याध्यापकांनीच नंतर सांगितले. हस्तलिखित त्यांनी टेबलावर ठेवले होते. ते कोणी उचलले नाही. अंक मात्र हातोहात फिरला. एका सभासदाने विचारले की दोन्ही चिन्हांत खरोखर फरक असतो काय. मुख्याध्यापकांनी असतो असे सांगितले. दुसऱ्या सभासदाने विचारले की मग तो छापखान्याला कसा माहीत नाही. याचे उत्तर जो देऊ शकला असता त्याला बोलावलेले नव्हते. मराठी विषयाचे ज्ञान समाधानकारक नसल्यामुळे नेमणूक पुढे चालू ठेवू नये, असे ठरले. बाईंच्या तीन वर्षांतल्या वर्गांचे निकाल मुख्याध्यापकांनी वाचून दाखवले होते काय, हे मी विचारले. त्याची वेळच आली नाही, असे ते म्हणाले.

अध्यक्षांच्या मुलाचे लग्न एप्रिलच्या सुरुवातीला लागले. दोन दिवसांनी कंपोझिटरनी पत्रिकेची दोरी सोडली आणि खिळे खणांत टाकले. त्यानंतरच्या अंकात, चौथ्या पानाच्या तळाशी, बारीक टाइपात ही ओळ आली: ‘मागील एका अंकातील पाठात मुद्रणदोष राहून गेला होता. वाचकांनी सुधारून वाचावे.’ पाठ कोणता, दोष कोणता, नाव कोणाचे, काही नव्हते. त्या ओळीचे प्रूफ माझ्याकडे आले तेव्हा मी ‘पाठाचे व लेखिकेचे नाव घालावे’ असे लिहिले. त्यावरही रेघ आली.

मी मालकांना विचारले की आता तर अपूर्णविराम मोकळे आहेत, पूर्ण पाठ पुन्हा छापू या.

“परीक्षा झाली ना पोरांची,” ते म्हणाले. “आता कायले?”

जूनमध्ये त्या शाळेत मराठीला नवे शिक्षक रुजू झाले. त्याच पावसाळ्यात मी साप्ताहिक सोडले आणि नागपूरच्या एका दैनिकात लागलो. तिथे प्रुफावरच्या माझ्या खुणा पाळल्या जात. ती साधी गोष्ट होती, पण पहिले काही महिने खूण केली की ती अंकात खरोखर झाली आहे का, हे मी दुसऱ्या दिवशी जाऊन पाहत असे.

बाई मला १९८४ मध्ये भंडाऱ्याच्या एसटी स्टँडवर भेटल्या. पवनी तालुक्यात, आसगावच्या बाजूच्या एका शाळेत त्या शिकवत होत्या. त्याआधीच्या चार वर्षांत त्यांनी दोन ठिकाणी तात्पुरत्या नेमणुकांवर काम केले होते. आदल्या वर्षी त्या कायम झाल्या होत्या. कायम करताना मोहाडी तालुक्यातली तीन सत्रे सेवेत धरावीत असा अर्ज त्यांनी केला होता. समितीच्या त्या ठरावावर बोट ठेवून अर्ज नामंजूर झाला.